रिकाम्या होडीचं माप

कुठल्याही यंत्राच्या दुकानात मराठी माणूस शिरला की त्याचा पहिला प्रश्न जोराचा असतो. पंप असला तर 'किती हॉर्सपॉवरचा?', मिक्सर असला तर 'किती वॉटचा?', स्कूटर असली तर 'किती सीसीची?' जोराचा आकडा कळला की यंत्र कळलं, अशी आपली खात्री असते. खोक्यावरही तोच आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, त्यामुळे एकट्या गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण काही यंत्रांचा जोर कितीही असला तरी तो नेमका कुठे जाऊन पोहोचतो, यावर सगळा खेळ असतो. लहान होडीला लावायची विजेची ट्रोलिंग मोटर ही त्यांतलीच. तिचा जोर खोक्याच्या दर्शनी बाजूला झळकत असतो. तिच्या दांड्याची लांबी शोधायला खोकं उचलून फिरवावं लागतं, आणि चष्मा घरी राहिला असेल तर दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगावं लागतं.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर एक डोकं, त्याला धरायची मूठ आणि वेग कमीजास्त करायची सोय. त्याखाली सरळ दांडा. दांड्याच्या तळाशी, पाणी शिरणार नाही अशा नळकांड्यात बंद केलेली मोटर आणि तिचा पंखा. दांडा चापाने होडीच्या मागच्या फळीवर आवळायचा, तारा बॅटरीला जोडायच्या, पंखा पाण्यात सोडायचा आणि मूठ फिरवायची. होडी माणसाच्या चालीने पुढे सरकू लागते. धूर नाही, धडधड नाही. आमिष लावलेला गळ होडीमागून सावकाश ओढत न्यायची मासेमारीची एक पद्धत आहे, तिच्यासाठी ही मोटर निघाली. माशाला संशय येऊ नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

पाण्यावरच्या यंत्रांत घाईचं आणि सावकाशीचं अशी दोन घराणी आहेत, आणि दोन्ही मी राहते त्या अमेरिकेच्या थंड मुलखातली. घाईच्या घराण्याचे मूळपुरुष ओले एव्हिनरूड. जन्म नॉर्वेतला, वाढले विस्कॉन्सिनमध्ये. एका कडक उन्हाळ्याच्या दिवशी तळ्याकाठी बसलेल्या, पुढे त्यांची बायको झालेल्या बेसला आइसक्रीम खावंसं वाटलं. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेले आणि परत येईपर्यंत आइसक्रीमचं पाणी झालं, अशी कथा सांगतात. १९०९ मध्ये त्यांची पेट्रोलवर चालणारी, होडीच्या मागे टांगायची मोटर बाजारात आली. बायकोच्या एका इच्छेतून केवढा उद्योग उभा राहू शकतो, याचा दाखला म्हणून मी ही कथा घरात अधूनमधून सांगत असते. अजून काही उभं राहिलेलं नाही.

सावकाशीच्या घराण्याचे मूळपुरुष ओ. जी. श्मिट. १९३४ मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी त्यांनी फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला आणि त्याला लवचीक दांडा व पंखा जोडला. विजेवर चालणारी होडी ही काही तेव्हा नवलाई नव्हती. पॅरिसला सेन नदीवर गुस्ताव त्रुव्हे यांनी १८८१ मध्येच ती चालवून दाखवली होती. पण श्मिट यांची वस्तू मासे धरणाऱ्या साध्या माणसाच्या हातात गेली. फार्गोला लागून रेड नदी वाहते आणि ती ओलांडली की मिनेसोटा लागतं, म्हणून दोन्ही राज्यांच्या नावांचे तुकडे जोडून त्यांनी कंपनीला मिन कोटा म्हटलं. मला यातला स्टार्टर फार आवडतो. गाडीत असताना बिचारा क्षणभराचा मानकरी. कळ दाबली की उठायचं, मोठ्या इंजिनाला जागं करायचं आणि मग दिवसभर कुणी विचारायचं नाही. श्मिट यांनी त्याला स्वतःची होडी दिली.

त्याच मिनेसोटात मी राहते. इथल्या गाड्यांच्या नंबरपाटीवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळीच ११,८४२ आहेत. स्वतःच्या जाहिरातीत खरा आकडा कमी करून सांगणारं दुसरं सरकार माझ्या पाहण्यात नाही. माणसांचा स्वभावही तसाच. पाच किलोचा मासा ओढून काढलेला माणूस 'वाईट नव्हता' एवढंच म्हणतो. मी मूळची पुण्याची, त्यामुळे हे वळण अंगवळणी पडायला वेळ लागला. आमचं घर सारसबागेजवळ. तिथल्या गणपतीला सगळे 'तळ्यातला गणपती' म्हणतात. पेशव्यांच्या वेळच्या त्या तळ्याची बाग झाल्याला कित्येक वर्षं झाली, देव अजून तळ्यातलाच आहे. म्हणजे आमच्याकडे तळं नसताना त्याचा मान, आणि इथे अठराशेच्या वर तळी असून हिशेबातच धरायची नाहीत.

अशा मुलखात राहायचं म्हणजे आज ना उद्या दारात होडी येतेच. आमची चौदा फुटी, ॲल्युमिनियमची, सपाट बुडाची. दिसायला अगदीच साधी, पण स्वभावाने गरीब. मे महिन्याच्या मध्यावर वॉलआय माशाचा हंगाम उघडतो तेव्हा अख्खं राज्य पाण्याच्या दिशेने निघतं आणि आम्हीही निघतो. लहानसहान तळ्यांपैकी कित्येकांवर पेट्रोलच्या इंजिनाला मज्जावच असतो, तेव्हा विजेची मोटर घ्यायची हे ठरलेलंच होतं. कोणती घ्यायची, एवढाच काय तो प्रश्न. आणि या प्रश्नावर मत नसलेला माणूस मराठी मंडळाच्या सहलीत शोधून सापडणार नाही. ज्यांनी आयुष्यात बाथटबपलीकडचं पाणी पाहिलेलं नाही, तेही काठावर भेळेची डिश धरून बॅटरीच्या ॲम्पिअर-तासांवर बोलू लागतात.

माझे सासरे उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात. विहिरीवर पंप बसवण्यात त्यांची हयात गेली. त्यांना घेऊन दुकानात गेले, तर खोकं बघताच त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला.

"सूनबाई, किती हॉर्सपॉवर?"

"याचा जोर पौंडात मोजतात, बाबा. रेटा असतो तो."

"पौंडात वजन असतं."

"रेटासुद्धा असतो."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. वजनाच्या मापाने ताकद विकणारा दुकानदार त्यांना संशयास्पद वाटला असावा. मी त्यांना इथला सर्वमान्य ठोकताळा सांगितला. होडी, माणसं आणि सामान मिळून जे वजन होईल, त्याच्या दर शंभर पौंडांमागे दोन पौंड रेटा. आमची होडी अडीचशे पौंडांची. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून पाचशे. मोटर आणि शिशाची बॅटरी नव्वद. नांगर, गळ, पाण्याच्या बाटल्या आणि थालीपिठांचा डबा साठ. एकूण नऊशे, म्हणजे रेटा अठरा पौंड. दुकानातली सगळ्यांत लहान मोटरच तीस पौंडांची होती.

"पंचावन्नाची घे," बाबा म्हणाले.

यात त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. मोठ्या मोटरने होडी वाऱ्याशी झुंजू शकते. पण ती फार वेगाने मात्र जात नाही. या मोटरींचे पंखे सावकाशीसाठीच घडवलेले असल्याने ताशी सहा-सात किलोमीटरच्या आसपास सगळ्यांची धाव संपते. जास्तीचे पौंड घेऊन आपण पळत नाही, वाऱ्यात पाय रोवून उभे राहतो. हे ऐकल्यावर बाबांचा उत्साह जरा ओसरला.

दांड्याची गोष्ट पहिल्यांदा काढली ती शेजारच्या आजोबांनी. ते या भागात जन्मले आणि बोलायचं तर मोजून चार वाक्यं बोलतात. जोर, बॅटरी, कंपनी, किंमत यांतलं काहीही न विचारता त्यांनी एवढंच विचारलं, "मागची फळी पाण्यापासून किती उंच राहते?" हा प्रश्न आमच्या सहलीतल्या एकाही तज्ज्ञाला सुचला नव्हता. माझ्या नवऱ्याने मोटरींच्या तुलनेसाठी केलेल्या तक्त्यात सतरा रकाने होते, त्यांतही तो नव्हता.

आणि खरा प्रश्न तोच आहे. पंख्याने पाणी मागे ढकलावं म्हणून तो पुरेसा खोल असावा लागतो. मोटरचा माथा पाण्याच्या पृष्ठभागाखाली निदान फूटभर असावा, असं सांगतात. दांडा आखूड पडला की पंखा वर राहतो. फिरणारी पाती वरची हवा खाली ओढून घेतात आणि मग पंखा पाण्याऐवजी फेसात फिरू लागतो. मोटरचा आवाज चढतो, मागे बुडबुड्यांची रांगोळी पडते, बघणाऱ्याला वाटतं काय काम चाललंय, आणि होडी जागच्या जागी. तीस पौंडांची मोटर असो की पंचावन्नची, फेसाला रेटून कुणी पुढे गेलेलं नाही. भरीला त्या आवाजाने मासे निघून जातात.

दांडा फार लांब झाला तर दुसरी कटकट. मिनेसोटातली बरीच तळी काठाला उथळ आणि तळाशी गवताळ. खोल सोडलेला पंखा पाणवेली गुंडाळत जातो, चिखल ढवळतो, एखादा बुडालेला ओंडका भेटला तर धक्का थेट मनगटापर्यंत येतो. लांब दांड्याची तरफही मोठी, त्यामुळे चापावर ताण जास्त आणि थरथर जास्त. काठाला लागताना मोटर तिरकी करून होडीत आडवी घ्यावी, तर तो दांडा होडीतल्या माणसांच्या पायांत येतो.

मापाचं गणित मात्र सोपं आहे. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजायचं आणि त्यात सुमारे वीस मिळवायचे. मागे लावायच्या मोटरींना साधारणपणे तीस, छत्तीस आणि बेचाळीस इंचांचे दांडे येतात. उंची दहा इंचांच्या आत असेल तर तीसचा पुरतो, दहा ते सोळा असेल तर छत्तीसचा, त्याहून वर बेचाळीसचा. तिसरीतल्या मुलाला जमेल अशी ही बेरीज आहे.

तरी बहुतेक लोक ती न करता 'लांबच घ्या' म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण आखूड दांडा वाढवता येत नाही आणि लांब दांडा वर ओढून घेता येतो. त्यासाठी दांड्यावर स्क्रूने आवळायचं एक कडं असतं. या सल्ल्याशी माझी लहानपणापासूनची ओळख आहे. आई आमचे शाळेचे फ्रॉक वाढत्या अंगाचे शिवून घ्यायची. खाली चार बोटं दुमड असायची आणि दर जूनमध्ये ती थोडी थोडी उसवली जायची. फ्रॉक अंगाला बसायचा तेव्हा त्याचा रंग गेलेला असायचा, ही गोष्ट वेगळी. पण दुमड घातलेलं कापड आत लपून राहतं. दांड्याची तशी सोय नाही. मोटर तीन इंच वर ओढली की डोकंही तीन इंच वर येतं, मूठही वर येते, आणि मग कोपर खांद्याच्या रेषेत धरून माणूस होडी हाकतो. तासाभराने त्याला मासा नको असतो, बाम हवा असतो.

इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांकडे या अडचणीवर उतारा आहे, आणि तो कितीतरी जुना आहे. उथळ तळ्यांमध्ये इथे रानटी भात उगवतो. ते त्याला मनूमिन म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबरात दोघे जण एका निमुळत्या कनूत बसून तो झोडून घेतात. मोटर लावायला कायद्यानेच बंदी, म्हणून एक जण उभा राहून लांबलचक काठीने होडी रेटतो. काठीच्या टोकाला बेचकं असतं, त्यामुळे ती चिखलात रुतत नाही आणि मुळं उपटली जात नाहीत. ही काठी कितीही लांब असली तरी त्रास देत नाही, कारण पाणी जेवढं खोल तेवढी ती खाली जाते आणि हात हवा तिथे पकडतो. मोटरला मूठ एकाच ठिकाणी बसवलेली असते. यंत्र घेतलं की कुठे धरायचं हे आधीच ठरवावं लागतं, म्हणून तर मापाचा एवढा खल.

तेव्हा माप घ्यायचं ठरलं. नवरा टेप घेऊन अंगणात गेला, ट्रेलरवरच्या होडीची मागची फळी मोजली आणि "पंधरा इंच" असं जाहीर केलं. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, "अंगणात पाणी नाही." हे त्यांचं त्या दिवसाचं दुसरं वाक्य होतं. मोजायची असते ती फळीची उंची पाण्यापासूनची, आणि पाणी कुठवर येणार हे होडीत काय आणि कोण आहे त्यावर अवलंबून. आर्किमिडीजने बाथटबात बसून सांगितलेली गोष्ट इथे कामाला येते. आमच्या होडीचं पाण्यावर टेकणारं बूड साधारण बारा फूट लांब, चार फूट रुंद. ती एक इंच खाली जायची तर चार घनफूट पाणी बाजूला सारायला हवं, आणि तेवढ्या पाण्याचं वजन अडीचशे पौंड, म्हणजे एकशे तेरा किलो. मला हा हिशेब फार दिलाशाचा वाटला. आम्हा दोघा नवरा-बायकोचं एकत्र वजन या जगात जेमतेम सव्वा इंचाचा फरक पाडतं.

पण होडी सगळीकडून सारखी खाली जात नाही. वजन जिथे, तिथे ती वाकते, आणि वजन कुठे बसणार हे आर्किमिडीजच्या हातात नसतं. मुलाला पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर बसायचं असतं, कारण तिथून मासा आधी दिसतो असा त्याचा सिद्धांत आहे. मुलीला जिथे मुलगा आहे तिथेच बसायचं असतं. बाबांना मोटरजवळ बसायचं असतं. पाठीला टेकू मागेच मिळतो म्हणून नवरा मागे सरकत राहतो. बॅटरी सगळ्यांत जड, ती लांब आणि जाड तारा घालून पुढे ठेवावी म्हणजे तोल राहतो, असं जाणकार सांगतात. पण थालीपिठाचा डबा बॅटरीशेजारी ठेवला की तेलाचा वास लागतो की आम्लाचा, यावर चर्चा सुरू होते. दहा वर्षांखालच्या मुलांना इथे होडीत लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे, त्यामुळे धाकटीला धरून तिचे पट्टे आवळणं आलंच. या सगळ्यातून होडी जेव्हा स्थिर झाली आणि तिघं मोठी माणसं मागच्या अर्ध्यात दाटीने बसलेली असताना मी फळी मोजली, तेव्हा पाण्यापासून साडेनऊ इंच भरली. साडेनऊ अधिक वीस, साडेएकोणतीस. तीस इंचाचा दांडा पुरेल. लहान मोटर, कमी पैसे. सगळे खूश.

शेजारचे आजोबा धक्क्यावर उभे होते. ते म्हणाले, "आता एकटी बसून मोज."

मग सगळ्यांना उतरवलं. मुठीला जोडायची लांब नळी लावली, म्हणजे मधल्या आसनावर बसून सुकाणू सांभाळता येतं, आणि तिथे मी एकटी बसले. नवऱ्याने काठावरून वाकून मोजलं. तेरा इंच. तेरा अधिक वीस, तेहतीस. तीसचा दांडा बाद.

माझ्या डोक्यात तोवर उलटं चित्र होतं. होडी भरलेली असली की ओझं जास्त, म्हणून तिला सगळंच जास्त लागत असणार, जोरही आणि लांबीही. जोर जास्त लागतो, हे बरोबर. पण लांबीचं त्याच्या नेमकं विरुद्ध. भरलेली होडी पाण्यात बसते, फळी खाली येते आणि आखूड दांडासुद्धा खोल पोहोचतो. रिकामी होडी वर तरंगते, आणि तिला पाण्याला हात पोहोचवायला लांब दांडा लागतो. गर्दी निभावून नेते. खरी परीक्षा एकट्याची.

नाळेवर मोटर लावणाऱ्यांची तर याहून पंचाईत. एकटा माणूस मागे बसला की नाळ वर उचलली जाते, आणि लाट आली की आणखी वर. म्हणून पुढे लावायच्या मोटरींचे दांडे पंचेचाळीस, बावन्न, साठ इंचांचे आणि त्याहून लांबही असतात. त्यांतल्या महागड्या मोटरी उपग्रहाकडून आपली जागा विचारून घेतात आणि वारा असो की प्रवाह, होडी नांगर न टाकता एका ठिकाणी धरून ठेवतात. पण पंखाच पाण्याबाहेर येऊन फिरू लागला तर उपग्रह काय करणार? होडी कुठे आहे ते त्याला कळतं. ती हवेला वल्हं मारते आहे, हे कळून त्याचा उपयोग नाही.

लाटांसाठी पाच इंच धरावे, असा आणखी एक ठोकताळा आहे. इथे मिल लॅक्स नावाचं प्रचंड तळं आहे. पृष्ठभाग एक लाख तीस हजार एकरांच्या आसपास, पण खोली कुठेच चाळीस-बेचाळीस फुटांहून जास्त नाही. अशा पसरट, उथळ पाण्यावर वारा सुटला की बघता बघता आखूड, उभ्या लाटा उठतात. नवऱ्याने तेरा, वीस आणि पाच मिळवून अडतीस काढले आणि बेचाळीसच्या दांड्याकडे बोट दाखवलं. मी विचारलं, "मिल लॅक्सवर वाऱ्यात या होडीतून आपण जाणार आहोत का?" त्याने जरा विचार केला. "नाही." "मग छत्तीस." आमच्या घरात काय करायचं नाही यावर इतक्या झटपट एकमत पूर्वी झाल्याचं मला आठवत नाही. लांबी निवडताना आपण कुठे जाणार आहोत हे सांगावं लागतं, आणि कुठे जाणार नाही, हेही.

मला मात्र तेरा इंचांचा तो आकडा राहून राहून आठवत राहतो. दुकानात जाताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर भरलेली होडी असते. खोक्यावरच्या चित्रातही आई-बाप, दोन मुलं आणि एक कुत्रं असतं, सगळे एकाच दिशेला बघून हसत असतात. पण होडी घेतलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या उन्हाळ्यात सगळे येतात. पुढे मुलीची पोहण्याची शिकवणी निघते, मुलाला मित्र मिळतात, नवऱ्याला मंगळवारच्या बैठकीची तयारी असते. मुलं वाढतात तशी होडी हलकी होत जाते. फ्रॉकच्या दुमडीचा हिशेब इथे उलटा आहे. तिथे अंग वाढेल म्हणून कापड जास्त घ्यायचं. इथे पोरं मोठी होऊन होडीतून उतरतील म्हणून दांडा जास्त घ्यायचा. यात दुःख करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. होडी एकटीला घेऊन निघते, तेव्हा तिला मोटर तरी पुरती बुडालेली मिळावी, एवढी तजवीज आधी केलेली बरी. भरल्या घराच्या मापाने घेतलेल्या वस्तू आपल्याकडे थोड्या नसतात. मोठं पातेलं, बारा जणांचा कुकर, ताटं दोन डझन. रिकाम्या दिवसाच्या मापाने घेतलेली एखादीच असते.

छत्तीस इंच ठरल्यावर दुकानात पुन्हा गेलो, तर तिथे निराळाच पेच. त्यांच्याकडची तीस पौंडांची मोटर फक्त तीस इंचांच्या दांड्याची. छत्तीस हवा असेल तर चाळीस पौंडांच्या पुढची मोटर घ्यावी लागणार. जास्त जोराला बहुधा जास्त लांब दांडा जोडूनच देतात. बाबांच्या चेहऱ्यावर, न बोलता, साताऱ्याच्या सगळ्या विहिरी एकदम भरून आल्या.

"म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले.

"जोरासाठी नाही घेत, बाबा. लांबीसाठी घेतोय."

"घेताय ना पण?"

याला उत्तर नव्हतं. माणूस योग्य वस्तूपर्यंत चुकीच्या कारणाने पोहोचला, तरी पावती तीच मिळते.

आता सहलीत कुणी मोटरचा विषय काढला, की मी जोर, बॅटरी आणि कंपनी यांत पडत नाही. टेप घेऊन पाण्यावर जा, सांगते. आधी सगळ्यांना बसवून फळीची उंची मोजा, मग एकेकाला उतरवत मोजा, आणि जो आकडा सगळ्यांत मोठा येईल त्यात वीस मिळवा. मोजायला दहा मिनिटं लागतात. दोन माणसं हवीत, एक टेप धरायला आणि एक होडीत सांगितलेल्या जागी न हलता बसायला. टेप धरणारा कुठेही मिळतो. दुसरा मिळाला, तर त्याला मोटर घेईपर्यंत सोडू नका.